अल्झायमरेतर डिमेन्शिया: लक्षणसमूह, प्रथिन आणि जनुक यांची गल्लत कशी टाळावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ६१ वर्षांच्या रुग्णाचे वागणे गेल्या तीन वर्षांत बदलत गेले. स्मरणशक्ती त्या मानाने शाबूत राहिली. एमआरआयमध्ये मेंदूचे फ्रंटल आणि टेम्पोरल लोब आकसलेले दिसले, अ‍ॅमिलॉइड (अल्झायमरमध्ये साठणारे प्रथिन) शोधणारा पेट स्कॅन निगेटिव्ह आला आणि अहवालावर ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ असे लिहिले गेले. अल्झायमर नाही एवढे ठरले. पण मग मेंदूत नेमके काय साठले आहे, ते रुग्ण हयात असताना सांगता येते का, आणि मृत्यूनंतर मेंदू तपासल्याने त्यात काय भर पडते, असे तुम्ही विचारले आहे. न्यूरोपॅथॉलॉजीत बरीच वर्षे काढल्यावर मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण बहुतेक वेळा विचार नेमका याच टप्प्यावर थांबलेला असतो.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ हे आजाराचे नाव नसून लक्षणांच्या एका समूहाचे नाव आहे. त्या समूहाखाली मेंदूच्या पेशींत जे बिघडते त्याचे नाव वेगळे, म्हणजे ‘फ्रंटोटेम्पोरल लोबार डीजनरेशन’. आणि त्यातही साठलेल्या प्रथिनानुसार टाऊ, टीडीपी-४३ किंवा फेट असे गट पडतात. याच्याही खाली काही कुटुंबांत एखादे जनुक असते. लक्षणसमूह, प्रथिन आणि जनुक या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. एका पातळीवरचे नाव दुसऱ्या पातळीवर वापरले की निदान ठाम वाटते, पण ते चुकीचे असू शकते. एकच प्रथिन अनेक लक्षणसमूह निर्माण करते आणि एकच लक्षणसमूह अनेक प्रथिनांमुळे होतो. म्हणून कोणतेही निदान लिहिताना आपण कोणत्या पातळीवर बोलतो आहोत आणि त्याबद्दल किती खात्री आहे, हे त्याच ओळीत यायला हवे.

या गोंधळाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. प्राग येथे अर्नोल्ड पिक यांनी १८९२ पासून भाषा आणि वर्तन बिघडलेल्या, मेंदूचा ठरावीक भागच झिजलेल्या रुग्णांची वर्णने केली; ती डोळ्यांनी दिसणाऱ्या झिजेची वर्णने होती. पेशींमधले गोल गोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते अलॉइस अल्झायमर यांनी, १९११ मध्ये. पुढे कित्येक दशके फ्रंटल झीज दिसली की ‘पिकचा आजार’ म्हणायची पद्धत पडली, आणि प्रत्यक्षात त्यांतल्या थोड्याच मेंदूंत ते गोळे सापडत. आजच्या भाषेत पिकचा आजार म्हणजे फक्त तो आजार, ज्यात हे गोळे आहेत आणि ते विशिष्ट प्रकारच्या टाऊचे आहेत. झीज मात्र त्या मेंदूत इतकी तीव्र असते की फ्रंटल लोबच्या वळ्या सुरीच्या पात्यासारख्या पातळ झालेल्या असतात, आणि वरच्या टेम्पोरल वळीचा मागचा दोन-तृतीयांश भाग जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला असतो. त्या दोन भागांमधली सीमा बोटाने दाखवता येते.

आता टाऊकडे वळू. टाऊ हे चेतापेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना आधार देणारे प्रथिन आहे. सतराव्या गुणसूत्रावरच्या एमएपीटी या जनुकातून प्रौढ मेंदूत त्याचे सहा प्रकार तयार होतात. जनुकाचा दहावा एक्सॉन, म्हणजे तुकडा, गाळला गेला तर सूक्ष्मनलिकेला चिकटणाऱ्या तीन पुनरावृत्ती राहतात, ठेवला गेला तर चार. निरोगी प्रौढ मेंदूत हे तीन-पुनरावृत्तीचे आणि चार-पुनरावृत्तीचे टाऊ साधारण सारख्या प्रमाणात असते. अल्झायमरच्या गुंत्यांत दोन्ही सापडतात. पिकच्या आजारात मुख्यतः तीन-पुनरावृत्तीचे टाऊ साठते. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी (पुढे ‘पीएसपी’), कॉर्टिकोबेसल डीजनरेशन, अर्जायरोफिलिक ग्रेन आजार आणि ग्लोब्युलर ग्लायल टाऊपॅथी यांत चार-पुनरावृत्तीचे टाऊ साठते. म्हणूनच प्रयोगशाळेत एटी-८ या प्रतिपिंडाने आधी फॉस्फरिलेटेड टाऊ शोधतात आणि मग आरडी-३ आणि आरडी-४ या दोन प्रतिपिंडांनी ते कोणत्या घराण्यातले हे ठरवतात.

पण घराणे कळल्यावरही आजार कळतोच असे नाही. तिथे पेशीचा आकार बोलतो. पीएसपी आणि कॉर्टिकोबेसल डीजनरेशन या दोन्हींत टाऊ चार-पुनरावृत्तीचेच. फरक अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशीत, दिसतो. पीएसपीत टाऊ पेशीच्या देहाजवळच्या फांद्यांत भरते, त्यामुळे ती पेशी झुपक्यासारखी दिसते. कॉर्टिकोबेसल डीजनरेशनमध्ये ते फांद्यांच्या टोकांत साठते आणि मधली जागा मोकळी राहते, म्हणून एका मोकळ्या मध्याभोवती तुटक तुकड्यांचे कडे दिसते. त्याला अ‍ॅस्ट्रोसाइटिक प्लाक म्हणतात. शिकाऊ डॉक्टर हा अ‍ॅमिलॉइडचा प्लाक समजतात, आणि अ‍ॅमिलॉइडचा प्रतिपिंड लावल्यावर तिथे काहीच उमटत नाही. पिकचे गोळे पाहायचे तर हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरसमध्ये पाहावेत: लहान ग्रॅन्युल पेशींची दाट रांग, आणि त्यांतल्या कित्येकींच्या केंद्रकाला खेटून केंद्रकाच्याच आकाराचा एक गुळगुळीत गोळा. बील्शोव्स्की या चांदीच्या रंगद्रव्याने तो काळा होतो, तर गॅलियास या चांदीच्याच दुसऱ्या पद्धतीत तो रंगतच नाही. हा एक छोटा विरोधाभास अनेकदा निदानाला पक्का आधार देतो.

२०१७ पासून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने या चित्राला रेणूच्या पातळीवर पाया दिला. केंब्रिजमधील गटाने अल्झायमरच्या मेंदूतून काढलेल्या टाऊच्या धाग्यांची घडी अणूच्या तपशिलात दाखवली. २०१८ मध्ये पिकच्या आजारातली घडी आली आणि पुढच्या काही वर्षांत कॉर्टिकोबेसल डीजनरेशन, पीएसपी आणि इतरांच्या घड्या आल्या. प्रत्येक आजारात टाऊची घडी स्वतःची आहे आणि एकाच आजाराच्या वेगवेगळ्या रुग्णांत ती तीच आढळते. याचा व्यवहारातला एक परिणाम लक्षात ठेवावा. टाऊ पेट स्कॅनसाठी वापरले जाणारे फ्लॉरटॉसिपिर हे अल्झायमरच्या घडीला चांगले चिकटते. पिकच्या किंवा पीएसपीच्या घडीला त्याचे चिकटणे भरवशाचे नाही. तुमच्या रुग्णात टाऊ पेट निगेटिव्ह आला तर ‘टाऊ नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ‘अल्झायमरच्या प्रकारचे टाऊ दिसत नाही’ एवढाच तो निघतो.

टीडीपी-४३ ची कथा मला विशेष जवळची वाटते, कारण पॅथॉलॉजिस्टांना आपले अज्ञान स्वच्छ दिसत असतानाही ते दूर व्हायला फार काळ लागला. १९९८ मध्ये एमएपीटी जनुकातले उत्परिवर्तन सापडले आणि सतराव्या गुणसूत्राशी जोडलेल्या कुटुंबांचे कोडे सुटल्यासारखे वाटले. पण त्याच गुणसूत्राच्या त्याच टापूशी जोडलेली काही कुटुंबे अशी होती की ज्यांच्या मेंदूत टाऊ अजिबात सापडत नव्हते. फक्त युबिक्विटिनने (पेशी टाकाऊ प्रथिनांना जी खूण लावते तिने) रंगणारे गोळे दिसत. त्या गोळ्यांत काय आहे ते कोणाला माहीत नव्हते, म्हणून अहवालात ‘युबिक्विटिन-पॉझिटिव्ह, टाऊ-निगेटिव्ह’ असे लिहून ठेवावे लागे. २००६ साली दोन्ही गोष्टी एकदम उलगडल्या. त्या कुटुंबांतले जनुक एमएपीटीच्या शेजारचेच, प्रोग्रॅन्युलिन तयार करणारे जीआरएन निघाले. आणि गोळ्यांतले प्रथिन टीडीपी-४३ निघाले. हेच प्रथिन मोटर न्यूरॉन आजारातही (म्हणजे एएलएसमध्ये) सापडले. ते दोन आजार एकाच कुटुंबात का येतात, या जुन्या निरीक्षणाला प्रथमच कारण मिळाले.

टीडीपी-४३ चा डाग स्लाइडवर पाहताना नजर नेहमी आधी गोळ्याकडे जाते. मी मात्र केंद्रकाकडे पाहायला सांगतो. हे प्रथिन आरएनएची जुळणी नियंत्रित करते आणि निरोगी पेशीत ते केंद्रकातच असते. त्यामुळे साध्या टीडीपी-४३ प्रतिपिंडाने निरोगी चेतापेशीचे केंद्रक भरगच्च तपकिरी दिसते. तिच्या शेजारी आजारी पेशी असेल तर तिच्या बाहेरच्या भागात तपकिरी ठिपका किंवा अर्धचंद्र असतो आणि केंद्रक रिकामे, फिकट निळे. प्रथिन घर सोडून गेलेले असते. एकाच क्षेत्रात अशा दोन पेशी शेजारी शेजारी दिसल्या की साठणे आणि गमावणे या दोन्ही गोष्टी आजाराच्या मुळाशी आहेत हे वेगळे समजावावे लागत नाही. केंद्रकातले टीडीपी-४३ गेल्यावर एरवी वगळले जाणारे आरएनएचे तुकडे (त्यांना ‘क्रिप्टिक एक्सॉन’ म्हणतात) संदेशात घुसतात, आणि एसटीएमएन-२, यूएनसी-१३-ए यांसारख्या चेतापेशीला आवश्यक जनुकांची प्रथिने कमी पडतात. निदानासाठी प्रत्यक्षात आम्ही ४०९ आणि ४१० या स्थानांवर फॉस्फरिलेटेड टीडीपी-४३ ओळखणारा प्रतिपिंड वापरतो, कारण तो निरोगी केंद्रक रंगवत नाही आणि गोळे ठळक दाखवतो. पण शिकायचे असेल तर साधा प्रतिपिंडच पाहावा.

टीडीपी-४३ च्या झिजेचे ए, बी, सी, डी असे प्रकार गोळ्यांचा आकार आणि कॉर्टेक्समधला थर यांवरून पाडले आहेत. ए प्रकारात वरच्या थरात आखूड धागे आणि पेशीत गोळे असतात, आणि जीआरएनची कुटुंबे याच प्रकारात मोडतात. बी प्रकार मोटर न्यूरॉन आजाराबरोबर येतो. सी प्रकारात लांबच लांब धागे आणि फारच थोडे गोळे दिसतात, आणि शब्दांचे अर्थ हरवत जाणाऱ्या सिमँटिक प्रकाराच्या रुग्णांत बहुतेक वेळा हाच सापडतो; या प्रकाराच्या धाग्यांत टीडीपी-४३ बरोबर अ‍ॅनेक्सिन ए-११ हे प्रथिनही गुंफलेले असते, हे २०२४ मध्ये दिसले. डी प्रकार व्हीसीपी जनुकातल्या उत्परिवर्तनाशी निगडित आहे. फेट हा तिसरा गट लहान आहे. त्यात एफयूएस, ईडब्ल्यूएस आणि टीएएफ-१५ ही प्रथिने गोळ्यांत सापडतात. २०२३ च्या अखेरीस धागे प्रत्यक्ष टीएएफ-१५ चे असल्याचे कळले. आजार फार कमी वयात, कधी चाळिशीच्या आतच सुरू झाला, कुटुंबात कोणाला नव्हता आणि एमआरआयमध्ये कॉडेट केंद्रक (पेशीचे केंद्रक नव्हे, मेंदूच्या आतला एक भाग) ठळकपणे आकसलेले दिसते, अशा वेळी या गटाचा विचार करावा.

ढोबळ प्रमाण असे: फ्रंटोटेम्पोरल लोबार डीजनरेशनच्या सुमारे निम्म्या मेंदूंत टीडीपी-४३, चाळीस ते पंचेचाळीस टक्के मेंदूंत टाऊ, आणि उरलेल्या थोड्यांत फेट. तुमच्या रुग्णासारख्या निव्वळ वर्तन बिघडलेल्या प्रकारात, म्हणजे २०११ च्या निकषांतल्या सहापैकी तीन लक्षणे असलेल्या रुग्णात, प्रथिनाचा अंदाज बांधणे सर्वांत कठीण असते. टाऊ की टीडीपी-४३ हे जवळजवळ समसमान असते. पण खाटेजवळच्या तपासणीत काही खुणा अशा आहेत की त्यांनी पारडे एकदम झुकते, आणि त्या शोधायला यंत्र लागत नाही. जिभेवर बारीक थरथर दिसते का, हाताचे स्नायू झिजले आहेत का, हे पाहावे आणि शंका आली तर ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, करावा. मोटर न्यूरॉन आजाराची चिन्हे मिळाली तर टीडीपी-४३ जवळपास निश्चित मानता येते. डोळे वर-खाली झटकन हलवायला सांगावे. ती गती मंदावली असेल आणि रुग्ण वारंवार मागे पडत असेल तर पीएसपी, म्हणजे चार-पुनरावृत्तीचे टाऊ. भाषा अडखळत, व्याकरण सुटत गेलेली असेल तर टाऊची शक्यता अधिक. शब्द ऐकून ‘म्हणजे काय?’ असे विचारणारा रुग्ण बहुधा टीडीपी-४३ सी प्रकाराचा. आणि शब्द आठवत नाहीत, मोठे वाक्य परत म्हणता येत नाही असा लोगोपेनिक प्रकार बहुतांशी अल्झायमरचाच असतो.

कॉर्टिकोबेसल लक्षणसमूहाबाबत मी अधिक सावध आहे. एक हात ताठर, ‘माझा नाही’ असा वाटणारा, हालचालीचे कौशल्य गेलेले: हे चित्र इतके वैशिष्ट्यपूर्ण असते की पाहणारा लगेच कॉर्टिकोबेसल डीजनरेशन लिहून मोकळा होतो. अशाच एका मेंदूचा निकाल लिहिताना मी अ‍ॅस्ट्रोसाइटिक प्लाक शोधत बसलो होतो, आणि एकामागून एक स्लाइडवर अ‍ॅमिलॉइडचे प्लाक आणि दोन्ही प्रकारच्या टाऊचे गुंते येत गेले. तो अल्झायमर होता, फक्त मेंदूच्या मागच्या आणि एका बाजूच्या भागात जोरात पसरलेला. त्या दिवसापासून मी लक्षणसमूहाला ‘सिंड्रोम’ आणि मेंदूतल्या आजाराला ‘डीजनरेशन’ असे वेगळे लिहिल्याशिवाय अहवालावर सही करत नाही.

आता लेवी बॉडीच्या, म्हणजे चेतापेशींतल्या आणखी एका प्रकारच्या गोळ्यांच्या, गटाकडे येतो, कारण तो संख्येने मोठा आहे आणि तिथे निदान चुकले तर रुग्णाला थेट इजा होते. फ्रिडरिश लेवी यांनी हे गोळे १९१२ मध्ये वर्णिले. केनजी कोसाका यांनी १९७६ पासून कॉर्टेक्समध्ये ते पसरलेल्या डिमेन्शियाच्या रुग्णांकडे लक्ष वेधले. आणि १९९७ मध्ये त्यांत अल्फा-सिन्युक्लिन आहे हे कळले. १४० अमिनो आम्लांचे हे प्रथिन चेतासंधीजवळ असते आणि गोळ्यांमध्ये ते १२९ व्या सेरीनवर फॉस्फरिलेटेड असते. मिडब्रेनच्या सब्स्टँशिया नायग्रा या भागातला लेवी बॉडी साध्या एच-अँड-ई रंगातही ओळखू येतो: गुलाबी गाभा आणि भोवती फिकट कडे. कॉर्टेक्समधल्या गोळ्याला ते कडे नसते आणि तो इतका पुसट असतो की सिन्युक्लिनचा प्रतिपिंड येण्यापूर्वी तो कितीदा तरी नजरेतून सुटला असणार.

निदानाचे २०१७ चे निकष चार मुख्य लक्षणांवर उभे आहेत: लक्ष आणि जागरूकता यांत होणारे चढउतार, वारंवार येणारे स्पष्ट दृष्टिभ्रम, झोपेत स्वप्नानुसार हातपाय मारणे आणि पार्किन्सनसारखा ताठरपणा वा मंदपणा. त्यांना तीन चाचण्यांचा आधार मिळतो: डोपामिन ट्रान्सपोर्टरचा स्पेक्ट स्कॅन, हृदयाचा एमआयबीजी स्कॅन आणि आरईएम झोपेत स्नायू सैल न पडल्याची पॉलिसोम्नोग्राफीतली नोंद. झोपेतली हालचाल स्मृतीच्या तक्रारीआधी अनेक वर्षे सुरू झालेली असू शकते, म्हणून शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला हा प्रश्न मुद्दाम विचारावा. आणि दृष्टिभ्रम दिसले म्हणून हॅलोपेरिडॉलसारखे औषध देण्याआधी थांबावे. या रुग्णांत अशा औषधांनी तीव्र ताठरपणा, शुद्ध हरपणे, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीतही अल्फा-सिन्युक्लिनच साठते, पण मुख्यतः ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये, म्हणजे चेतातंतूंना आवरण देणाऱ्या पेशीत. प्रथिन एक, पेशी वेगळी, आजार वेगळा.

सिन्युक्लिनसाठी सीडिंग चाचणी हा अलीकडचा खरा बदल आहे. रुग्णाच्या सीएसएफमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) चुकीच्या घडीचे थोडे जरी प्रथिन असले, तरी ते चाचणीतल्या प्रयोगशाळेत बनवलेल्या निरोगी प्रथिनाला आपल्यासारखे वळवते, आणि अशा धाग्यांना चिकटून चमकणाऱ्या थायोफ्लेविन या रंगद्रव्याचा उजेड वाढत जातो. हे तत्त्व आधी प्रायॉनसाठी, म्हणजे चुकीची घडी पसरवणाऱ्या संसर्गजन्य प्रथिनासाठी, वापरले गेले. क्रॉइत्सफेल्ट-याकोब या प्रायॉनच्या आजारात याच तत्त्वावरच्या आरटी-क्विक चाचणीची संवेदनशीलता नव्वद टक्क्यांहून अधिक आणि विशिष्टता शंभर टक्क्यांच्या जवळ आहे. काही आठवड्यांत ढासळणारा रुग्ण, डिफ्यूजन एमआरआयमध्ये कॉर्टेक्सची पांढरी किनार किंवा कॉडेट-पुटामेनमधली चकाकी, आणि आरटी-क्विक पॉझिटिव्ह: आता मेंदूच्या बायॉप्सीची गरज क्वचितच उरते. पण असे निदान लिहिण्याआधी ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (उदाहरणार्थ एलजीआय-१ प्रतिपिंडांचा) वगळलाच पाहिजे, कारण तो बरा होऊ शकतो. सिन्युक्लिनच्या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे: सिन्युक्लिन फक्त अमिग्डलापुरते असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून अल्झायमर नाही असे ठरत नाही.

रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियाबद्दल इथे एवढेच म्हणतो की त्यात साठलेले प्रथिन नव्हे तर वाहिनी आणि इजेची जागा पाहायची असते. थॅलॅमसमधला एक लहानसा इन्फार्क्टही पुरेसा ठरतो. तरुण वयात मायग्रेन, पक्षाघाताचे झटके आणि टेम्पोरल लोबच्या टोकाला पांढऱ्या भागातले बदल दिसले तर कॅडासिल या आनुवंशिक लहान-वाहिन्यांच्या आजारासाठी एनओटीसीएच-३ जनुक तपासावे.

वयाचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. ऐंशीच्या पुढच्या मेंदूत शुद्ध, एकाच प्रथिनाचा आजार हा अपवाद असतो. अल्झायमरचे बदल, अमिग्डलातले सिन्युक्लिन, लहान वाहिन्यांचे नुकसान आणि टीडीपी-४३ हे सगळे एकत्र नांदतात. या वयात अमिग्डलापासून हिप्पोकॅम्पसकडे पसरणाऱ्या टीडीपी-४३ ला २०१९ मध्ये ‘लेट’ हे नाव मिळाले. रुग्ण हळूहळू विसरत जातो, हिप्पोकॅम्पस फार आकसलेला असतो, आणि अ‍ॅमिलॉइड निगेटिव्ह येते. पूर्वी यांतले कितीतरी रुग्ण अल्झायमर म्हणूनच नोंदले गेले. तुमचा रुग्ण ६१ वर्षांचा असल्याने त्याच्या बाबतीत एकच प्रथिन असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, ही त्यातली जमेची बाजू.

रक्ताच्या चाचण्यांचा अर्थ लावताना प्रत्येक चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते ते नीट पाहावे. पी-टाऊ-२१७ अल्झायमरच्या बदलांबरोबर वाढते. ते सामान्य असेल तर अल्झायमर बाजूला ठेवायला चांगला आधार मिळतो, पण मूत्रपिंड बिघडले असेल तर ते खोटे वाढू शकते. न्यूरोफिलामेंट लाइट चेन ही झिजेचा वेग सांगते, प्रकार सांगत नाही. तरी वर्तन बदललेल्या रुग्णात हा मानसिक आजार आहे की मेंदूची झीज, हे ठरवायला तिचा फार उपयोग होतो. टीडीपी-४३ साठी सर्वत्र वापरता येईल असा पेट स्कॅन किंवा रक्तचाचणी आज हाताशी नाही. क्रिप्टिक एक्सॉनमधून तयार होणारे प्रथिनाचे तुकडे सीएसएफमध्ये शोधण्याचे काम सुरू आहे, आणि माझी सर्वाधिक आशा तिथे आहे.

म्हणूनच हयातीत प्रथिन खात्रीने सांगण्याचा सर्वांत सरळ मार्ग आज जनुकाचा आहे. जीआरएन किंवा सी-९-ओआरएफ-७२ सापडले तर टीडीपी-४३, एमएपीटी सापडले तर टाऊ. इथे तिन्ही पातळ्या एका रेषेत येतात. जीआरएनच्या उत्परिवर्तनात प्रोग्रॅन्युलिन निम्म्याच्या आसपास उतरते आणि ते साध्या रक्तचाचणीत दिसते. मेंदूची झीजही पुष्कळदा एका बाजूला फार जास्त असते. सी-९-ओआरएफ-७२ मध्ये जीजीजीजीसीसी या सहा अक्षरांच्या तुकड्याची पुनरावृत्ती वाढलेली असते, निरोगी माणसात बहुधा वीसपेक्षा कमी आणि रुग्णांत शेकडो ते हजारो. २०११ मध्ये ती सापडली. नेहमीच्या एक्झोम तपासणीत ही वाढ दिसत नाही. ‘जनुकीय तपासणी निगेटिव्ह’ असा कागद घेऊन आलेल्या रुग्णांत रिपीट-प्राइम्ड पीसीआर (पुनरावृत्ती वाढली आहे का ते शोधणारी चाचणी) केलेलाच नव्हता, असे मी अनेकदा पाहिले आहे. अशा कुटुंबांत भ्रम किंवा मनोविकाराची लक्षणे आधी, विसर कितीतरी नंतर, असेही घडते. तपासणीपूर्वी मात्र कुटुंबाशी सावकाश बोलावे. निकाल रुग्णाच्या मुलांच्या आयुष्याला लागू होतो, आणि त्यांना तो कळवून घ्यायचा की नाही हा निर्णय त्यांचाच असतो.

मेंदूची तपासणी याउपर काय देते? सी-९-ओआरएफ-७२ च्या मेंदूत सेरिबेलमच्या ग्रॅन्युल पेशींत पी-६२ ने (युबिक्विटिनची खूण असलेल्या प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रथिनाच्या प्रतिपिंडाने) रंगणारे पण टीडीपी-४३ ने न रंगणारे बारीक ठिपके दिसतात. ते त्या पुनरावृत्तीतून तयार झालेल्या डायपेप्टाइड प्रथिनांचे असतात, आणि केवळ त्या एका स्लाइडवरून जनुकाचे नाव सांगता येते, कुटुंबात आधी कोणाला आजार असल्याची नोंद नसली तरी. जनुक निगेटिव्ह असलेल्या बहुसंख्य रुग्णांत तर प्रथिनाचे नाव मिळण्याचा दुसरा खात्रीचा मार्गच नाही. मी सुरुवातीला हिप्पोकॅम्पस, अमिग्डला, फ्रंटल आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स, बेसल गँग्लिया, मिडब्रेन, मेडुला आणि सेरिबेलम एवढे भाग घेतो. त्यांवर अ‍ॅमिलॉइड, एटी-८, फॉस्फो-सिन्युक्लिन, फॉस्फो-टीडीपी-४३ आणि पी-६२ लावतो. पी-६२ पॉझिटिव्ह आणि बाकी सगळे निगेटिव्ह आले तर एफयूएस लावतो. प्रायॉनची पुसटशी शंका असेल तर तुकडे आधी तासभर फॉर्मिक आम्लात ठेवल्याशिवाय कापायला देत नाही.

तुमच्या रुग्णाच्या फाईलवर आज मी असे लिहीन: ‘लक्षणसमूह: वर्तनप्रधान फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, संभाव्य. प्रथिन: अल्झायमरची शक्यता अत्यल्प; टाऊ की टीडीपी-४३ हे अनिर्णित; मोटर न्यूरॉन आणि डोळ्यांच्या उभ्या हालचालींची तपासणी करून, मिळालेल्या चिन्हांसह नोंदवावी. जनुक: सी-९-ओआरएफ-७२ रिपीट-प्राइम्ड पीसीआर, जीआरएन आणि एमएपीटी, समुपदेशनानंतर, सीरम प्रोग्रॅन्युलिन.’ ही तपासणी दर सहा महिन्यांनी परत करावी, कारण जिभेवरची थरथर पहिल्या भेटीत नसली तरी नंतर येऊ शकते. मेंदूदानाचा विषयही याच वर्षी, रुग्णाला स्वतःचे मत सांगता येत असतानाच काढावा. मृत्यूनंतर थोड्याच तासांत मेंदूचा एक अर्धा भाग गोठवावा लागतो आणि दुसरा फॉर्मॅलिनमध्ये जातो. कागदपत्रे आधी झाली नसतील तर त्या तासांत शोकाकुल घरच्यांना हे कोणी विचारायचे, हा प्रश्न सुटत नाही.